पाठवणी

सोनगीरला सकाळ होते ती तांब्यापितळेवर पडणाऱ्या हातोडीच्या ठोक्यांनी. अशाच एका सकाळी आमच्या गावचे एक तांबट माझ्या ओसरीवर येऊन बसले. त्यांची मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. ती आता पुण्यास संशोधन करते. खडकांच्या फटींत राहणारे सूक्ष्म जीव हा तिचा विषय. परदेशी भरणाऱ्या एका परिषदेत आपले काम मांडण्याचे निमंत्रण तिला आले होते. विमानभाड्याची मात्र सोय नव्हती.

‘‘गुरुजी, पोर तठे जाईसन काय करी?’’ त्यांनी विचारले.

प्रश्न भाबडा नव्हता. खरे सांगायचे तर तो माझ्याही मनात होता. अवर्षण ज्याच्या पाचवीला पुजलेले, अशा मुलखाने चार दिवसांच्या सभेसाठी एवढा पैसा का घालावा?

विषय परका आहे, असे मात्र म्हणता येईना. ज्या काळ्या पाषाणावर आपण घरे बांधतो, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा थर. कोयनेच्या परिसरात शास्त्रज्ञांनी तो थर भेदून, खालच्या ग्रॅनाइटात, एकूण तीन किलोमीटर खोल विवर पाडले. तेथील खडकांतही जीवाणूंचा माग लागला. जून 2020 मध्ये लोणारचे सरोवर गुलाबी झाले, तेव्हा लोकांनी नाना तर्क लढविले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दाखवून दिले, की हा रंग क्षारप्रिय सूक्ष्म जीवांचा. आपल्या पायाखालचेच हे शास्त्र आहे.

मग माझा आक्षेप कशाला होता? विचार करता करता मला ओशाळे वाटले. मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. मला कोणी पाठविले नाही. दुष्काळाचे नाव पुढे करून बोलत होता तो माझा मत्सर. काटकसरीचा उपदेश करणाऱ्याने आधी आपले मन चाचपावे, हे मी त्या दिवशी शिकलो.

प्रबंध घरबसल्या वाचता येतात, हे खरे. पण छापले जाते ते साधलेले. फसलेले लोक चहाच्या पेल्यावर सांगतात. खोल खडकातून नमुना काढताना वरचे पाणी आणि चिखल त्यात मिसळतो. मग त्यातला जीव खरोखर पाताळातला, की आपल्याच हातून आत गेलेला? असल्या शंकांचे निरसन सोबत्यांत होते. भांड्यातील बारीक चीर घडविणाऱ्याला दिसत नाही. शेजारचा कारागीर नुसत्या आवाजावरून सांगतो. आणि ही चूक उमेदीच्या वयात कळणे जरुरीचे; उतारवयात माणूस तिचा अभिमान बाळगू लागतो.

1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना अमेरिकेस जाण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. बडोद्याला त्यातून काय मिळाले, असा हिशेब मांडला तर तो कोता ठरेल; मिळाले ते साऱ्या देशाला. प्रत्येक जण आंबेडकर होत नाही, हे कबूल. परंतु कोण होईल हे आधी कळत नाही, म्हणून तर पाठवायचे असते.

मदत कशी द्यावी, हाही नीतीचाच प्रश्न आहे. ‘आधी खर्च करा, परत आल्यावर पावत्या द्या,’ असे सांगणारी मदत ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याच्याच उपयोगी पडते. तांबटाच्या मुलीला हात हवा तो उंबरठ्याच्या आत असताना.

मुलीच्या लग्नात आपण आहेर करतो, तेव्हा परतफेडीची तारीख विचारीत नाही. ही पाठवणी त्याहून हलकी का मानावी? मी माझ्या कादंबरीचे मानधन काढून दिले. गल्लीनेही आपापल्या परीने भर घातली.

मुलगी जाऊन आली. काय आणलेस, असे मी विचारले.

‘‘गुरुजी, माझा एक निष्कर्ष कच्चा होता, तो तिथे कळला.’’

मी तिच्या वडिलांकडे पाहिले. ते खाली मान घालून हसत होते.

‘‘म्हणजे भांडं परत ठोकनं पडी,’’ ते म्हणाले, आणि उठून कामाला लागले.