थांबलेल्यांच्या भरवशावर

हे मनन सावकाश वाचायचं आहे. एक भाग वाचून झाला की डोळे मिटा, दोन-चार श्वास जाऊ द्या आणि मगच पुढे या. मनात एक प्रवास धरू या, मुंबईहून आइसलँडचा. थेट विमान नाही, वाटेत फ्रँकफर्टला बदलायचं आहे. महिना जानेवारीचा. तिथे ओळखीचं कोणी नाही.

पहिला थांबा मुंबईतच आहे. रात्रीचे दोन वाजून गेलेत. फलकावरची वेळ एकदा पुढे सरकली, मग पुन्हा सरकली. घरून निघेपर्यंत सगळं तुमच्या हातात होतं: बॅगेचं वजन, कागदपत्रांची फाइल, टॅक्सीची वेळ. आता हातात फक्त बोर्डिंग पास उरला आहे. जबडा आवळला गेलाय का, पाहा. खांदे वर चढलेत का? असू दे. तो ताण लगेच घालवायला जाऊ नका. तो काय म्हणतोय ते आधी ऐकून घ्या. ‘माझा वेळ कोणीतरी खाल्ला,’ असंच बहुतेक म्हणत असेल.

हे वाक्य मनात तसंच राहू द्या आणि नजर काचेबाहेर न्या. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. उतरणारी आणि उडणारी सगळी विमानं त्या एकाच पट्टीवर. तुमचं विमान उभं आहे, त्याच वेळी वरून कोणाचं तरी विमान जमिनीला टेकतं आहे. त्यात बसलेल्यांना तुमचा चेहरा कधीच दिसणार नाही. तरी आत्ता तुमची पाच मिनिटं त्यांच्या कामी आली.

उशिराचं आणखी एक कारण असतं, गेटपाशी ते फारसं बोललं जात नाही. वैमानिकांच्या कामाच्या तासांना कायद्याने मर्यादा असते. रात्र लांबली आणि ती मर्यादा ओलांडली जाणार असेल, तर दुसरे वैमानिक येईपर्यंत विमान हलत नाही. दोन-अडीचशे माणसं खोळंबतात, कारण दमलेल्या डोळ्यांवर जीव सोपवायचा नाही, असं कोणीतरी आधीच ठरवून ठेवलं आहे. घाटात धुकं दाटलं की एसटीचा चालक गाडी कडेला घेतो, तसंच हे. प्रत्येक उशिरामागे काळजीच असते असं नाही. कधी निव्वळ ढिसाळपणा असतो, आणि त्यावर राग येणं रास्तच आहे. पण राग धरण्याआधी एवढं विचारून पाहा: आत्ता माझ्यासाठी कोणी थांबलेलं असेल का?

इथे थोडं थांबा. श्वास आत. श्वास बाहेर.

आता तुम्ही वर आहात. बाहेरची हवा उणे पन्नास अंशांच्या आसपास आणि इतकी विरळ, की तीत माणूस काही क्षणांतच शुद्ध हरपेल. आतली हवा दाब वाढवून श्वास घेण्याजोगी केलेली असते, तरी ती साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेसारखीच असते. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर आहे. म्हणजे पांघरूण ओढून तुम्ही बसला आहात ते, शरीराच्या हिशेबाने, महाराष्ट्राच्या सर्वांत उंच माथ्याच्याही वर. ओठ सुकतात, पाय जड होतात. कोणीतरी पाण्याचा पेला पुढे करतं. तो घेताना बोटांना त्याचा गारवा कळू द्या. इथे स्वतःच्या बळावर एक श्वाससुद्धा घेता येत नाही. ही लाचारी वाटते की विसावा? घाईने उत्तर देऊ नका. दोन्ही वाटत असेल तर दोन्ही असू द्या.

फ्रँकफर्टला बर्फ पडतो आहे. पुढचं विमान केव्हाच निघून गेलं. रांगेत उभं राहून दुसऱ्या विमानात जागा मिळाली, त्यात बसलातही, पण ते जागचं हलत नाही. खिडकीतून पंख पाहा, नीट पाहा. एक गाडी येते, तिच्या लांब हाताच्या टोकाला बसलेला माणूस पंखावर गरम, नारंगी द्रावाचा फवारा मारतो. वाफ उसळते, बर्फ वितळून कडेने ओघळतो. मग त्यावर हिरव्या, दाट द्रावाचा थर चढतो, नवा बर्फ काही काळ धरू नये म्हणून. पंखावर हिमाचा खरखरीत पापुद्रा राहिला, तरी पंखावरून वाहणारी हवा विस्कटते आणि विमानाला उचलणारं बळ घटतं. म्हणून बर्फ लागलेल्या पंखांनी उडायचं नाही, हा नियम. त्या हिरव्या थराची मुदतही ठरलेली असते. रांगेतच ती संपली, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तो गाडीतला माणूस काही क्षण डोळ्यांसमोर धरा. थंडीत तो रात्रभर हेच करतो आहे. तुम्ही वेळेवर पोचावं याची जबाबदारी त्याच्यावर नाही. तुम्ही पोचावं, याची आहे. मनातल्या मनात त्याला नमस्कार करा.

अखेर केप्लाव्हिक, आइसलँडचा विमानतळ. चाकं जमिनीला लागली, सीटबेल्ट सुटले, आणि तरी दार उघडत नाही. वारा फार वाढला की इथे विमानाला शिड्या लावत नाहीत. देश दहा पावलांवर आहे आणि तुम्ही खुर्चीतच. सकाळचे दहा वाजलेत, बाहेर अंधार आहे. या दिवसांत सूर्य अकराच्या सुमाराला उगवतो. तुमचं शरीर मात्र भारतातल्या दुपारच्या साडेतीनवर आहे. साडेपाच तासांचा हा फरक अंगात मुरायला काही दिवस लागतील. शरीराला दटावू नका. बाकी सगळ्यांना दिलात तेवढा वेळ त्यालाही द्या.

मग दार उघडतं. राजधानी रेकयाविकपर्यंत साधारण पन्नास किलोमीटर रस्ता आहे, आणि उजाडता उजाडता दोन्ही बाजूंना थिजलेल्या लाव्ह्याची मैदानं दिसू लागतात. हा काळा दगड बसाल्टच आहे, आपल्या सह्याद्रीचा असतो तोच. सह्याद्रीचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. इथे रेकयानेस द्वीपकल्पावर तो २०२१पासून पुन्हा पुन्हा वाहतो आहे. परका म्हणून आलात आणि पायाखाली ओळखीचा दगड निघाला. पण तेवढ्याने देश ओळखीचा झाला, असं धरून चालू नका.

त्या दगडावर राखाडी-हिरवं शेवाळ पसरलेलं असतं, गादीसारखं जाड. त्यावर चालू नका, असं तिथले लोक पाहुण्यांना बजावून सांगतात. एकदा तुडवलं की ते भरून यायला दशकं लागतात. कडेला उभे राहा. पाय पुढे टाकावासा वाटेल, फोटो चांगला येईल असं वाटेल. ती ओढ शरीरात कुठे जाणवते ते पाहा, आणि पाऊल तिथेच राहू द्या.

अनोळखी देशात माणसाने काय घेऊन शिरावं, याचं मला सापडलेलं उत्तर हेच आहे. तिथवर आपण एकट्याच्या हिकमतीने आलेलो नसतो. वाटेत कितीतरी जणांनी हात आवरला, म्हणून सुखरूप पोचतो. तेव्हा पहिले काही दिवस तरी आपणही स्वतःला आवरावं: मत देण्याआधी पाहावं, वागण्याआधी विचारावं, रांगेत पुढच्याला त्याचा वेळ घेऊ द्यावा. वाटेतल्या त्या माणसांची परतफेड करता येत नाही, ती पुन्हा भेटणार नाहीत. त्यांनी दाखवलेला संयम मात्र इथल्या माणसांना आणि इथल्या जमिनीला देता येतो. तो द्यायला सुरुवात केलीत, की खऱ्या अर्थाने पोचलात.