थरथर नेमकी कुठे?

पहाट. रस्ता मोकळा आहे. गाणी बंद करा, काचा वर घ्या.

काल चाकं तुम्हीच बसवलीत. निघण्याआधी सगळे व्हील नट पान्याने तपासलेत ना? मग आता घाई नाही.

श्वास सोडा. खांदे सैल.

दोन्ही हात स्टिअरिंगवर असू द्या, पकड हलकी. मुठी आवळल्या की थरथर मनगटातच मुरते, कळत नाही.

60. 70. अजून काही नाही.

80 ला तळव्यात काहीतरी जागं होतं.

हाच वेग धरून ठेवा. लगेच नाव देऊ नका. नुसतं जाणवू द्या.

चाक आत्ता सेकंदाला साधारण 12 फेरे घेतंय. एका बाजूला थोडे ग्रॅम जास्त असले, तरी तेवढ्याच वेळा हिसका बसतो.

हातांत येतोय? मग बहुधा पुढची चाकं. सीटखालून, पाठीत येतोय? मग मागची.

पुन्हा विचारा. हात, की पाठ?

मागे कुणी नाही ना, बघा. ब्रेकवर पाय अलगद ठेवा. आता थरथर वाढते का? पायाखाली पॅडल धडधडतं का?

तसं असेल, तर घरी चला.

नवा पार्ट आणायची घाई नको. माझं ठाम मत आहे, आधी आपल्याच हातांनी उघडलेली जागा बघावी.

गाडी स्टँडवर. चाक काढा, डिस्क काढा. हबच्या सपाट तोंडावरून बोट फिरवा.

हळू.

अजून हळू.

इथे. बोट अडखळतं. गंजाची खपली, तांदळाच्या कणीएवढी.

हिच्यावर डिस्क टेकली, की ती किंचित तिरकी बसते. मधोमध केसाएवढा फरक. कडेपर्यंत जाता जाता तो वाढतो. दर फेऱ्याला पॅडला घासतो.

तारेचा ब्रश घ्या. घासा. पुसा. पुन्हा बोट फिरवा. थांबा. पुन्हा एकदा.

लोअर आर्मचे बुशही बदललेत? त्यांचे बोल्ट चाक लोंबकळत असताना आवळले असतील, तर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट सैल करा. गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या, मग आवळा.

चाकाचे नट एकाआड एक, समोरासमोरचे, थोडे थोडे. शेवटी टॉर्क रेंच, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यावर.

100 किलोमीटर झाले, की हेच नट पुन्हा तपासा.