टोकन परत केलं, शब्दाचं काय?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, ते आपण लहानपणापासून ऐकत आलो. पृथ्वी, वारा, आकाश, अजगर, मधमाशी, कबुतर. त्या यादीतलं एक नाव मात्र बरेच कीर्तनकार लवकर आवरून पुढे जातात. ते म्हणजे पिंगला, विदेहनगरीतली गणिका. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात तिची कथा आहे आणि त्याच स्कंधावर टीका लिहिताना नाथमहाराजांनी ती आपल्या मराठीत आणली आहे. मला ही कथा हल्ली भलत्याच प्रसंगी आठवते. अंधेरी, बोरिवली, मुलुंडकडे कोणी राहता फ्लॅट विकायला काढला, की आठवते.

पिंगला संध्याकाळी नटूनथटून दारात उभी राहिली. रस्त्याने माणसं येत होती, जात होती. हा गेला तर जाऊ दे, याच्यापेक्षा श्रीमंत, जास्त देणारा कोणीतरी येईल, असं तिचं मनात चाललेलं. आत जायची, पुन्हा बाहेर यायची. असं करता करता मध्यरात्र झाली. शेवटी तिचा तिलाच वीट आला, तिने आस सोडली आणि स्वस्थ झोपली. अवधूताने तिला गुरू केलं ते त्या झोपेसाठी.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. पिंगलेने त्या रात्री कोणाला शब्द दिला नव्हता. आपल्याकडे शब्द देऊन, चहा पाजून, हातावर पेढा ठेवून, वर पुन्हा दारात उभं राहतात.

व्यवहार कसा होतो ते आपल्याला ठाऊक आहेच. एजंट गिऱ्हाईक आणतो, दोन-तीन बैठका होतात, भाव तुटतो. मग टोकन. आपले वाडवडील याला विसार किंवा बयाणा म्हणत. 11 हजार, 51 हजार, कधी लाख. (जाता जाता सांगतो, घराच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त टोकन रोखीत घेणं आयकर कायद्याला मान्य नाही. चेकने किंवा बँकेतूनच घ्या.) टोकननंतर साठेखत होईपर्यंत महिना-दीड महिना जातो. घेणाऱ्याचा वकील मालकीचे जुने कागद तपासतो, सोसायटीची एनओसी लागते, बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस येऊन जातो, कर्ज मंजूर व्हायचं असतं. नेमक्या याच दिवसांत दुसरा एजंट फोन करतो : "काका, तुम्ही फार स्वस्तात दिलंत."

किंवा सोसायटीच्या सभेत पुनर्विकासाचा विषय निघतो आणि मालकाला वाटतं, आपण फसलो. मेट्रोचंही तसंच. दहिसरकडून येणाऱ्या 2अ आणि 7 या मार्गांचा पहिला टप्पा एप्रिल 2022 मध्ये सुरू झाला आणि जानेवारी 2023 मध्ये ते अंधेरीपर्यंत आले. तेव्हापासून त्या पट्ट्यात विकायला निघालेल्या प्रत्येक घराच्या वर्णनात स्टेशन किती मिनिटांवर, हे पहिल्यांदा येतं. भाव वाढला तर वाढू दे, त्यात पाप नाही. प्रश्न आहे तो 'दिलं' म्हणून झाल्यावरचा.

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचं सांगतो. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातली आपली खोली विकून त्यांना मुलुंड पूर्वेला लिफ्टच्या इमारतीत जायचं होतं, कारण घरात गुडघ्यांनी अधू झालेली आजी. मुलुंडचा फ्लॅट 98 लाखांना ठरला, 51 हजार टोकन दिलं. त्या भरवशावर त्यांनी आपली खोली दुसऱ्याला देऊन तारीख ठरवली, मुदत ठेव मुदतीआधी मोडली, बँकेची प्रक्रिया फी भरली, वकिलाचे पैसे दिले. अठराव्या दिवशी एजंटचा फोन. मालकांना एक कोटी सात लाख मिळतायत, तुमचं टोकन आजच परत पाठवतो, मोबाइल नंबर द्या. झालं.

आता यांच्या खोलीचा जो घेणारा होता, त्याला यांनीही तसंच सांगितलं असतं तर? सांगता आलं असतं. तिकडेही साठेखत व्हायचं होतं. त्यांनी सांगितलं नाही. ठरलेल्या तारखेला खोली रिकामी करून दिली आणि भांडुपला बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने गेले. आजीला खुर्चीत बसवून दोघांनी वर नेलं. पुढे सात महिने ती माऊली खाली उतरली नाही.

मुलुंडचे ते मालक वाईट गृहस्थ नव्हेत. दर गुरुवारी देवळात येणारे. त्यांचं म्हणणं एकच : "आम्ही त्यांचा एक पैसा ठेवला नाही, टोकन पूर्ण परत केलं."

माझी सगळी नोकरी बँकेत कारकुनी करण्यात गेली, म्हणून हे वाक्य मला फार टोचतं. चुकीची रक्कम खात्यात पडली तर आम्ही उलट नोंद करायचो, हिशेब जुळायचा. 51 हजारांची उलट नोंद होते हो. पण मोडलेली ठेव, सोडलेली खोली, ते तीन जिने, यांची उलट नोंद कुठल्या खात्यात टाकायची? विसार ही शब्दाची किंमत नव्हे, ती शब्दाची खूण आहे. साखरपुड्यात घातलेली अंगठी परत पाठवली म्हणून ठरलेलं लग्न मोडल्याचा दोष जातो का? मुलीला जास्त पगाराचं स्थळ आलं म्हणून कोणी सुपारी फुटल्यावर नकार कळवला, तर आपण त्या घरी पुन्हा पाणी प्यायला जाणार नाही. घराच्या बाबतीत मात्र हेच केलं, की 'व्यवहारात चालायचंच' म्हणतो.

कायदा काय म्हणतो? 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात स्पष्ट आहे, की विक्रीच्या नुसत्या कराराने घेणाऱ्याचा त्या घरावर हक्क निर्माण होत नाही. करार पुरा करून मिळावा म्हणून दावा लावता येतो, आणि 2018 च्या दुरुस्तीनंतर तसा हुकूम देणं हे पूर्वीसारखं कोर्टाच्या मर्जीवर राहिलेलं नाही. पण नुसत्या तोंडी बोलीवर आणि टोकनच्या चिठ्ठीवर कोर्टात काय काय सिद्ध करणार? पगारदार माणूस दिंडोशीला तारखा घालत बसेल, की घर शोधेल? विलायतेतही हेच दुखणं आहे. इंग्लंडमध्ये करारांची अदलाबदल होईपर्यंत बोली कोणालाच बांधून ठेवत नाही, आणि ऐनवेळी जास्त देणाऱ्याकडे वळण्याला त्यांच्या भाषेत गझम्पिंग असा खास शब्दच आहे. तेव्हा कायदा जिथे हात टेकतो, तिथे माणसाला धरून ठेवायला धर्मच उरतो.

बळीराजाची गोष्ट इथे घ्यावी लागेल. वामनाला तीन पावलं भूमी देतो म्हणाला. शुक्राचार्यांनी ओळखलं, की हा सगळंच घेऊन जाणार, आणि त्यांनी शिष्याला शास्त्र काढून दाखवलं : उपजीविकेवर किंवा प्राणावर बेतलं, तर खोटं बोलण्याचा दोष नाही. आपल्या एजंटचं बोलणं याहून वेगळं असतं का? "काका, तुमच्या म्हातारपणाचा प्रश्न आहे, मुलांचं बघा." बळी काय म्हणाला? मी प्रल्हादाचा नातू, देतो म्हटल्यावर पैशाच्या लोभाने नाही कसं म्हणू? लोक पुढची गोष्ट सांगतात, की उदक पडू नये म्हणून शुक्राचार्य झारीच्या तोटीत जाऊन बसले आणि वामनाने दर्भाने त्यांचा डोळा फोडला. बोली झाली होती, उदक पडायचं होतं. टोकन आणि साठेखत यांच्यामधलीच ही वेळ.

कोणी म्हणेल, नऊ लाख थोडे नाहीत, पेन्शन नसलेल्याला ती चार-पाच वर्षांची बेगमी आहे. खरं आहे. म्हणून तर 'हो' म्हणण्याआधी हवा तेवढा वेळ घ्यावा. आजूबाजूला काय भाव आहे ते पाहावं, सोसायटीत काय शिजतंय ते सेक्रेटरीला विचारावं, मुलांशी बोलावं. 'आठवड्याने सांगतो' असं म्हणण्यात कमीपणा नाही. गुरुचरित्राच्या दहाव्या अध्यायातला वल्लभेश आठवा. व्यापारात लाभ झाला तर कुरवपुरी सहस्रभोजन घालीन, असा त्याने नुसता मनाशी नवस केला होता. ना साक्षीदार, ना कागद. अपेक्षेपेक्षा कितीतरी पट लाभ झाल्यावर तो पैसे गाठीला बांधून निघाला. वाटेत चोर भेटले, त्याचा प्राण गेला आणि श्रीपाद श्रीवल्लभ धावून आले, ही कथा आपण दर सप्ताहात वाचतो. वाचताना आपलं लक्ष चमत्काराकडे असतं. तो घरातून निघाला, इकडे जरा कमी असतं.

घेणारेही काही कमी नाहीत. विकणाऱ्याने दुसरीकडे बुकिंग केलं, आता हा अडला, असं बघून साठेखताच्या आदल्या दिवशी दोन लाख पाडून मागणारे मी पाहिलेत. जात एकच.

यंदा ज्यांच्या घरी विक्रीचा व्यवहार आहे, त्यांनी टोकन घेतलं त्याच संध्याकाळी तीन फोन करावेत. सगळ्या एजंटांना सांगावं की घर दिलं, आता कोणाला दाखवायला आणू नका. जाहिरात दिली असेल तर ती काढून टाकावी. आणि घेणाऱ्याला विचारावं, की साठेखताला कुठला दिवस बरा, म्हणजे तेवढे कागद तयार ठेवतो.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥