कुरकुरीतपणाचा घसारा

जगातल्या बहुतेक गोष्टी वाटून घेता येतात. वरण वाटता येतं, वडिलांची जमीन वाटता येते आणि नाहीच वाटता आली तर कोर्टात जाता येतं. कुरकुरीतपणा मात्र वाटता येत नाही. तो एका घाण्यापुरता असतो आणि भजी तळणारा माणूस तेव्हा नेमका पुढच्या घाण्यात अडकलेला असतो.

बी. कॉम.ला आम्हाला घसारा शिकवला. यंत्रावर किती, फर्निचरवर किती, सगळं पाठ. भज्यावरचा घसारा कोणी शिकवला नाही. वास्तविक इतक्या वेगानं किंमत उतरणारी मालमत्ता दुसरी नाही. तळताना पिठातलं पाणी वाफ होऊन निघून जातं, म्हणून कवच कडक होतं. कढईबाहेर आलं की आतला ओलावा हळूच कवचात शिरतो. वर झाकण ठेवलंत, तर मग दिवाळंच! बेसनात मूठभर तांदळाची पिठी घाला, कडकडीत तेलाचं मोहन घाला. मुदत थोडी वाढते, इतकंच.

जपानी लोक कोळंबी आणि भाज्या थंडगार पातळ पिठात बुडवून तळतात. त्याला तेंपुरा म्हणतात. सोळाव्या शतकात ते हे पोर्तुगीजांकडून शिकले, असं सांगतात. तिथल्या खास दुकानांत गिऱ्हाईक कढईसमोरच बसतं आणि एकेक तुकडा थेट त्याच्या ताटलीत पडतो. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही, तेव्हा कोळंबीचं काम कांदा, घोसाळं आणि ओव्याचं पान करतात. २०२३ साली उस्मानाबादचं धाराशिव झालं, पाट्या बदलल्या. भजी तीच राहिली. आणि तळणारीही तीच राहिली.

खरा प्रश्न इथंच आहे. जपानातल्या तळणाऱ्याला पगार मिळतो. घरातल्या तळणारीला काय मिळतं? तळाची चार गार भजी. वर ती म्हणते, "मला निवलेलीच आवडतात." आमच्या आईनं हे वाक्य चाळीस वर्षं म्हटलं. आता, ज्या कारकुनानं जन्मात दुसरी शाखा पाहिली नाही, त्यानं "मला हीच शाखा आवडते" म्हटलं, तर ती आवड धरायची की सवय?

तुम्ही म्हणाल, याची भरपाई दिवाळीला साडी घेऊन करू. नाही जमत, साहेब! पैशाचं देणं व्याजासकट पुढे फिटतं. गरम भज्याचं देणं त्याच नाण्यात आणि त्याच मिनिटाला फेडावं लागतं. त्याला मुदतवाढ नाही.

म्हणून गेल्या आषाढात झारा मी घेतला आणि पहिला घाणा आईपुढे ठेवला. तिनं एक भजं मोडून तोंडात टाकलं.

"लई कडक हाय रं," ती म्हणाली. "आता दात कुठं ऱ्हायलेत?"

आतून बायको ओरडली, "अहो, तेल धुरावलं!"

मी गॅस बारीक केला. आईनं दुसरं भजं उचललं आणि कवच चघळत बसली. ज्यांच्या घरात तळणारीचे दात अजून शाबूत आहेत, त्यांनी हा हिशेब आजच्या आज मिटवावा.