परक्या हातचा घास

दानाची महती आपल्याकडे इतकी गाइलेली आहे कीं, देणारा तो मोठा व घेणारा तो लहान, असें आपण विचार न करतांच धरून चालतों. घेणें ही देखील एक नैतिक कृति आहे, आणि तिला कित्येकदां देण्याहून मोठें मन लागतें, ही गोष्ट मात्र फारशी कोणी बोलून दाखवीत नाहीं. नाताळच्या सुमारास घरीं केलेली मिठाई शेजारीं पाठविण्याची ख्रिस्ती कुटुंबांतील चाल आठवली म्हणजे हा प्रश्न आमच्या मनांत हटकून उभा राहतो. तो आम्हांस केवळ तात्त्विक वाटत नाहीं. त्याच्या पोटीं आमच्या घरावरचें एक जुनें ऋण आहे, आणि तें फेडण्याची वेळ निघून गेलेली आहे.

वर्धा जिल्ह्यांतील सिंदी या गांवाच्या नांवापुढें कंसांत ‘रेल्वे’ हा शब्द लागतो. नागपूरपर्यंत आगगाडी १८६७ सालीं पोंचली, आणि कापसाच्या या मुलखांतील लहानलहान स्टेशनांभोंवतीं दूरदूरचे नोकरदार येऊन राहूं लागले. आमच्या लहानपणीं, म्हणजे साठएक वर्षांपूर्वीं, तेथील रेल्वेच्या चाळींत गोव्याकडील एक ख्रिस्ती कुटुंब होतें. नाताळच्या आदल्या दिवशीं त्या घरची बाई विणलेल्या रुमालानें झांकलेलें ताट घेऊन आमच्या दारीं येई. ताटांत नेवऱ्या असत, कांट्याच्या पाठीवर पीठ वळून तळलेले व साखरेंत घोळलेले कुलकुल असत, आणि काळ्याभोर दोदोलच्या वड्या असत. तांदुळाचें पीठ, नारळाचें दूध व माडाचा गूळ एकत्र करून तें मिश्रण कढईला सुटूं लागेपर्यंत तासन् तास घोटीत बसावें, तेव्हां कोठें दोदोल साधतो. नेवरी तर आपली करंजीच. १७३६ सालीं इन्क्विझिशननें फतवा काढून गोव्यांतील नवख्रिस्त्यांचे कितीतरी जुने घरगुती रिवाज बंद पाडले. भात बिनमिठाचा शिजविण्याची साधी चालही त्यांतून सुटली नाहीं. परंतु करंजी मात्र टिकली, आणि ख्रिस्तजन्माच्या ताटांत जाऊन बसली. स्वयंपाकघराची स्मृति फतव्यांहून चिवट असते, ती अशी.

आमची आजी तें ताट हातीं घेई, चार गोड शब्द बोले, मुलांबाळांची विचारपूस करी. आलेलें भांडें रिकामें परत करूं नये, म्हणून त्यांत साखर घालून देई. मग दार लागे, आणि ती सारी मिठाई मोलकरणीच्या घरीं जाई. आम्हां मुलांस तिला हात लावण्याची मनाई होती. ‘त्यांच्या हातचें आपल्याला चालत नाहीं,’ एवढेंच उत्तर मिळे. नवल असें कीं, सिंदीच्या गाजलेल्या तान्ह्या पोळ्याला लांकडी बैल घेऊन आम्ही त्याच बाईच्या दारीं जात असूं आणि तिनें दिलेला बोजारा निःशंकपणें खिशांत घालीत असूं. कारण बोजारा पैशांचा असे, आणि पैशाला कोणाचा हात लागला हें कोणी विचारीत नाहीं.

एका नाताळास ती नेहमीप्रमाणें आली. रुमाल दूर केला तों ताटांत नेवरी नव्हती. दोन नारळ, रवा, साखर आणि मूठभर बेदाणे होते. शिधा कोणाकडूनही चालतो हें तिनें कोठून तरी जाणून घेतलें होतें. आणि आपल्या मिठाईचें दार लागल्यावर काय होतें, हेंही तिला कळलें होतें. तिच्या बोलण्यांत तक्रारीचा सूरही नव्हता. ‘तुमच्याच हातानें करा, म्हणजे मुलें खातील,’ एवढें म्हणून ती हंसली. आजी त्या दिवशीं बराच वेळ उंबऱ्यांत उभी होती. दुसऱ्या दिवशीं तिनें त्याच शिध्याच्या करंज्या केल्या व अर्ध्या तिकडे पाठविल्या. तिकडे त्या आनंदानें खाल्ल्या गेल्या. पुढच्या उन्हाळ्यांत त्या कुटुंबाची बदली झाली. तिच्या हातची नेवरी आम्हीं कधींच खाल्ली नाहीं.

आजी दुष्ट नव्हती. आजाऱ्याच्या उशाशीं रात्र काढणारी, दाराशीं आलेल्यास विन्मुख न पाठविणारी अशी ती बाई होती. म्हणूनच प्रश्न अवघड आहे. अशा उदार मनुष्यास घेणें कां जमूं नये?

हा प्रश्न एकट्या आमच्या आजीचा नव्हता. १८४९ मध्यें मुंबईंत निघालेल्या परमहंस मंडळींत प्रवेश करणारास ख्रिस्ती भटाऱ्याचा पाव खाऊन दाखवावा लागे. पण तें सारें गुप्तपणें चाले, आणि सभासदांचीं नांवें बाहेर पडण्याचें भय उत्पन्न होतांच १८६० च्या सुमारास मंडळी मोडली. १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढें चहा आला, तेव्हां कोणी तो घेतला, कोणी पेला नुसता हातीं धरिला. पुढें नांवें छापून आलीं, ग्रामण्य माजलें, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलें. लोकमान्य टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें, आणि न्यायमूर्ति रानड्यांनींही अखेर तें घेतलें. ज्यांच्या बुद्धीस साऱ्या देशानें मान दिला, त्यांची वाट एका चहाच्या पेल्यानें अडविली! १९२८ सालीं जमनालाल बजाजांनीं वर्ध्याचें लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्या बंधूंस खुलें केलें, हें त्या जिल्ह्याचें भूषणच होय. परंतु देवळाचें दार जितक्या लवकर उघडलें, तितक्या लवकर घरोघरच्या माजघराचीं दारें उघडलीं नाहींत. देवळांत दुसऱ्यास आंत घ्यावयाचें असतें. घासाच्या बाबतींत दुसऱ्याच्या हातास आपल्या शरीरांत घ्यावयाचें असतें. घरीं केलेली मिठाई पाठविणारा नकळत एक प्रश्नच पाठवितो: माझ्या हातावर तुमचा विश्वास आहे काय? दुकानचा बंद डबा असा प्रश्न कधीं विचारीत नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, ही जुनी कथा झाली. आज कोण कोणाच्या हातचें आहे हें विचारतो? दिवाळीस नि नाताळास डबे येतात, जातात. कोणाचें अडत नाहीं. हें खरें आहे, आणि तें बरेंही आहे. परंतु विटाळाची ती भिंत आपण पाडली कीं तिला वळसा घालून गेलों, हें तपासून पाहिलें पाहिजे. ज्या डब्यांत कोणाचाच हात दिसत नाहीं, तो स्वीकारण्यास मनाचा मोठेपणा लागत नाहीं. असे डबे न उघडतां एका घरून दुसऱ्या घरीं जातांना आपण पाहतोंच. प्रश्न सुटला नाहीं. तो आपण चुकविला, असें आम्हांस वाटतें.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. घरच्या हातचा हा गोडवा बहुधा बायकांच्या श्रमांचा असतो. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवावयाचे, सुकवून कुटावयाचे, गुळांत मळून ठेवावयाचे, आणि इतकें करून तुपांत सोडतांच अनारसा हंसला कीं सारे श्रम वायां! ताट मात्र यजमानाच्या नांवानें जातें. अशा श्रमांचे गोडवे ओसरीवर बसून गाणें शोभत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. पण यावरून निघणारा धडा इतकाच कीं, घोटण्याचा उलथणा पुरुषांनींही हातीं धरावा. दोदोलास तर मनगटाचेंच बळ हवें असतें. हाताचें महत्त्व त्यानें कमी न होतां वाढेलच.

तिसरा आक्षेप शास्त्राचा. जो परत कांहीं करूं शकत नाहीं त्यास दिलेलें दान गीतेनें सात्त्विक मानलें, आणि परतफेडीच्या आशेनें दिलेलें राजस ठरविलें. मग साखर घालून परत जाणारें ताट हा निव्वळ व्यवहार नव्हे काय? आमच्या मतें, व्यवहार आणि शेजार यांत भेद आहे. व्यवहारांत हिशेब मिटविण्याची घाई असते. शेजारांत तो कधींच मिटूं नये अशी इच्छा असते. ताट परत जातें तें पुन्हा यावें म्हणून. गरजूस द्यावयाचें दान निरपेक्ष असावें यांत शंका नाहीं. परंतु बरोबरीच्या मनुष्यास नुसतें देत राहावें आणि त्याच्याकडून कांहींच घेऊं नये, यांत त्याचा मान राखला जात नाहीं. उलट त्यास आपण याचकाच्या जागीं बसवितों. आमच्या आजीनें दरवर्षीं साखर दिली, शेवटीं करंज्याही दिल्या. ती सदैव देणारीच राहिली, आणि तिच्या औदार्याचा दोष नेमका तेथेंच होता. आपल्या हातचें देण्याचें जें सुख ती भोगीत होती, तेंच त्या बाईस तिनें कधीं भोगूं दिलें नाहीं.

लक्ष्मीबाई टिळकांची आठवण येथें होते. रेव्हरंड टिळकांनीं १८९५ मध्यें ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढें त्या पतीजवळ राहूं लागल्या तरी बराच काळ त्यांनीं आपलें सोंवळें सांभाळलें, खाणें वेगळें ठेविलें. ही गांठ कोणी ओढून तोडली नाहीं. स्वतः विचार करतां करतां ती त्यांनींच सोडली, आणि ‘स्मृतिचित्रें’मध्यें तें अगदीं निर्मळपणें सांगितलें. मनुष्यास घ्यावयास शिकतां येतें, याचा हा मोठा दाखला होय. वादविवादानें बुद्धि पटते. हात पुढें होण्यास मात्र दुसऱ्याविषयींचा लोभ लागतो.

आमच्या आजीसही कदाचित् तें साधलें असतें. त्या दिवशीं उंबऱ्यांत उभी असतां तिच्या मनांत काय चाललें होतें, हें तिनें कोणास सांगितलें नाहीं. आणखी एक नाताळ मिळता, तर तिनें रुमाल दूर करून एक नेवरी उचलली असती काय? आम्ही या प्रश्नाशीं पुष्कळदां थबकतों. परंतु शेजारी जन्मभर पुरतीलच असें नाहीं. बदल्या होतात, गाड्या सुटतात. म्हणून ज्याच्या दारीं आज घरच्या हातचें ताट येईल, त्यानें ‘एवढा त्रास कशाला घेतलात’ असें म्हणून तें बाजूस ठेवूं नये. आणणारा उभा असतांनाच त्यांतला एक घास तोंडांत घालावा. मग भांड्यांत साखर घालावयास हरकत नाहीं.