नरोटीच्या अलीकडे

महाभारतातल्या माणसांवर सध्या मराठीत भरभरून बोलले जाते. मोबाइलवरच्या दोन मिनिटांच्या चित्रफितींपासून व्याख्यानमालांपर्यंत सगळीकडे कर्ण, द्रौपदी, भीष्म यांची चिरफाड चालू असते. कर्ण हा व्यवस्थेचा बळी. युधिष्ठिर हा बायकोला पणाला लावणारा 'टॉक्सिक' नवरा. भीष्माला बालपणीचा आघात, दुर्योधनाला न्यूनगंड, द्रौपदीला तोंडाळपणा. प्रत्येकाच्या गळ्यात एक पाटी अडकवली की काम झाले. याला 'व्यक्तिरेखेचे विश्लेषण' म्हणतात आणि आधाराला इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'चे नाव घेतात. इरावतीबाईंनी देवांना माणसे केले, तेव्हा आता आम्ही त्या माणसांना तपासायच्या टेबलावर घेतो, असा एकूण सूर असतो.

मला त्रास होतो तो या हवाल्याचा. 'युगान्त'ने जे शिकवले त्याच्या अगदी उलट वागणे 'युगान्त'च्याच नावाने चालले आहे, आणि मराठीच्या वर्गांतून आणि परीक्षांच्या मार्गदर्शकांतून तीच रीत पक्की होत आहे.

आपल्याकडे व्यक्तिरेखेचा विचार जुना आहे. भरताच्या परंपरेने नायकांचे धीरोदात्त, धीरोद्धत, धीरललित, धीरप्रशांत असे चार प्रकार केले. त्या वर्गवारीला माणसाचे अंतरंग शोधायचे नव्हते. नाटकातला रस कोणाच्या आधाराने उभा राहील, एवढाच तिचा प्रश्न होता. आशयाचा विचार मात्र फार सूक्ष्म होता. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्द्योतात विचारले की, महाभारतासारख्या एवढ्या अफाट ग्रंथाचा मुख्य रस कोणता? त्याचे उत्तर होते शांत रस. त्यासाठी तो केवळ एखाद्या सुभाषितावर विसंबला नाही. वृष्णी आपापसांत लढून संपले, पांडव जिंकूनही रिकाम्या मनाने निघून गेले, हा शेवट त्याने पाहिला आणि त्या शेवटावरून संपूर्ण रचना वाचली. हजाराहून अधिक वर्षांपूर्वीची ही पद्धत आजही मला सर्वांत भरवशाची वाटते.

मधल्या शतकांत आपल्या पंतकवींनी भारत मराठीत आणले, कीर्तनकारांनी ते गावोगाव नेले. विसाव्या शतकाच्या आरंभी चिंतामणराव वैद्यांनी ग्रंथाचा काळ, त्याचे थर, त्यातला इतिहास यांची चर्चा सुरू केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्याला शिस्त लावली आणि १९६६ साली ते पूर्ण झाले. देशभरच्या १,२५९ हस्तलिखितांचा मेळ घालून, नंतर शिरलेला मजकूर तळटिपांत आणि परिशिष्टांत ठेवून एक पाठ सिद्ध झाला. व्यक्तिरेखांच्या चर्चेत या घटनेचा उल्लेख क्वचित होतो. माझ्या मते ती चर्चा खऱ्या अर्थाने सुरू होते ती इथूनच, कारण कोणते वाक्य कोणाच्या तोंडी आहे आणि कोणते कुठल्या प्रांतातल्या लेखनिकाने मागाहून घातले, हे कळल्याशिवाय स्वभावाबद्दल बोलणार कशाच्या जोरावर?

'युगान्त' आले ते लगेच पुढच्या वर्षी, १९६७ मध्ये. त्याच वर्षी शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय'ही आली. दुर्गा भागवतांचे 'व्यासपर्व' त्याआधी, १९६२ साली येऊन गेले होते. दुर्गाबाई त्या व्यक्तींकडे कवीच्या नजरेने पाहतात. सावंतांनी कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण, कृष्ण यांना 'मी' म्हणून बोलते केले. कादंबरीकाराचा तो हक्कच आहे. मुखपृष्ठावर 'कादंबरी' असे लिहून तो हक्क उघडपणे बजावलेला आहे. घोटाळा झाला तो वाचकांच्या बाजूने. एकाच वर्षी आलेल्या या दोन पुस्तकांतले 'युगान्त' आपण 'मृत्युंजय'सारखे वाचले. पात्राच्या मनात शिरायचा, त्याच्या दुःखाची कारणे शोधायची आणि मग त्याला दोषी तरी ठरवायचे किंवा निर्दोष तरी सोडायचे, असा परवाना इरावतीबाईंनी दिला अशी समजूत झाली. वाङ्मयीन चर्चेतही हेच वाक्य फिरत राहिले की, 'युगान्त'ने महाभारतातल्या व्यक्तींचे मानवीकरण केले.

पण त्या व्यक्ती व्यासांच्या ग्रंथात माणसेच होत्या. तिथे भीम पंगतीतल्यासारखा जेवतो, युधिष्ठिर खोटे बोलतो, अर्जुन ऐन रणात हातपाय गाळतो. इरावतीबाईंनी बदलला तो प्रश्न. 'हा माणूस कसा होता?' हा प्रश्न बाजूला ठेवून त्या विचारतात: हा माणूस कुठे उभा होता? नात्याने कोणाचा कोण होता? त्या काळच्या रीतीने त्याला काय करता येत होते, त्याने काय केले, आणि त्याची किंमत कोणी मोजली? कुलरचना आणि नातेसंबंध यांचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या मानववंशशास्त्रज्ञाचे हे प्रश्न आहेत. स्वभाव त्यांच्याकडे उत्तराच्या शेवटी येतो, आरंभी नाही.

भीष्माचेच पाहा. भीष्म त्यागी होता हे सगळे सांगतात, आणि त्याने स्त्रियांवर अन्याय केला हे हल्ली सगळे सांगतात. दोन्ही पाट्याच. इरावतीबाई एका प्रतिज्ञेच्या मागोमाग चालत जातात. स्वतःसाठी काहीच ठेवायचे नाही असे ठरवलेला माणूस वंश टिकवण्याच्या कामाला जुंपला जातो. मग काशीच्या तीन मुली पळवून आणल्या जातात, आंधळ्या राजपुत्रासाठी गांधारी येते, पांडूसाठी कुंती आणि माद्री येतात. स्वतःसाठी काही मागत नाही म्हणून त्याला कोणी अडवत नाही, आणि त्याच्या निःस्वार्थीपणाचा भार या स्त्रिया वाहतात. हे वाचल्यावर भीष्माला शिक्षा सुनवावीशी वाटत नाही. त्यागाकडे मात्र पुन्हा पूर्वीसारखे पाहता येत नाही. अंबेला पळवल्याबद्दल सभापर्वात भीष्माला भर सभेत जाब विचारणारा माणूस शिशुपाल आहे, हेही ध्यानात घ्यावे. व्यासांनी इतका न्याय्य प्रश्न इतक्या द्वेष्ट्या माणसाच्या तोंडी घातला. बोलणारा कोण आणि बोलणे काय, हे दोन्ही एकाच वेळी तोलायला लावणारा हा ग्रंथ आहे.

'युगान्त'मध्ये कल्पना नाही असे मला म्हणायचे नाही. भरपूर आहे. गांधारीवरचा लेख जवळजवळ कथाच आहे. विदुर हा युधिष्ठिराचा पिता असावा, हा तर्कही बाई मांडतात, त्याला आधार गोळा करतात, पण तो तर्क आहे हे लपवत नाहीत. आणि द्रौपदीच्या लेखात तर त्यांनी असे काही केले आहे की आजच्या प्रत्येक भाष्यकाराने ते ओळ न् ओळ पाहावे. महाप्रस्थानात द्रौपदी कोसळते. तिचे मन अर्जुनाकडे अधिक होते म्हणून ती पडली, असे युधिष्ठिर भीमाला सांगतो आणि मागे न पाहता चालू लागतो. व्यासांचे सांगणे इथे संपते. पुढे पडलेल्या द्रौपदीच्या मनात काय आले, भीम तिच्याशी काय बोलला, हे बाईंनी स्वतः रचले आहे. पण ते लिहिण्याआधी त्या थांबतात आणि सांगतात की, यापुढची ही माझी नरोटी. ज्ञानेश्वरीत आपली ओवी घालणारा अमृताच्या ताटात करवंटी ठेवतो, अशा अर्थाचे एकनाथांनी सांगून ठेवले आहे, तीच ही नरोटी.

'युगान्त'चे सारे मोल मला या एका रेघेत दिसते. अलीकडे व्यासांचे, पलीकडे माझे. रेघ ओढणाऱ्या बाईंची कल्पना कमी धीट नव्हती. द्रौपदीचे ते शेवटचे क्षण मराठी गद्यातल्या उत्तम पानांपैकी आहेत. पण वाचकाच्या हातात मूळ ग्रंथ जसाच्या तसा शिल्लक राहील याची जबाबदारी त्यांनी घेतली. आजच्या विश्लेषणात नरोटी अमृतात विरघळवून दिली जाते आणि पिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

दोन जागा दाखवतो.

'आंधळ्याचा मुलगा आंधळाच' असे म्हणून द्रौपदी दुर्योधनाला हसली आणि त्यातून महाभारत घडले, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते. भांडारकर प्रतीत हे वाक्य द्रौपदीच्या तोंडी कुठेच नाही. मयसभेचा प्रसंग निवेदक वैशंपायन सांगतो तेव्हा दुर्योधन पाण्यात पडतो, सेवक हसतात, भीम, अर्जुन आणि जुळे भाऊ हसतात. द्रौपदी तिथे दिसतच नाही. ती येते काही अध्यायांनंतर, दुर्योधन हस्तिनापुरात आपल्या बापापुढे गाऱ्हाणे मांडतो तेव्हा. तो सांगतो की, कृष्ण आणि अर्जुन मला मोठ्याने हसले आणि द्रौपदीही इतर स्त्रियांसह हसली. म्हणजे द्रौपदीचे हसणे आपल्याला माहीत आहे ते दुर्योधनाच्या सांगण्यातून. ते खरे असेल किंवा नसेल. पण अपमान घेऊन घरी परतलेल्या माणसाच्या मनात हसणाऱ्यांची संख्या वाढते, आणि त्यात शत्रूची बायको येऊन बसते, हे व्यासांनी दाखवले आहे. दुर्योधनाचे याहून खोल स्वभावचित्र कोणते असेल? ते पाहायचे सोडून आपण त्याच्या तक्रारीला घटना मानले आणि तिचा दोष द्रौपदीच्या नावे लिहिला.

दुसरी जागा कर्णाची. द्यूतसभेत द्रौपदीला कुलटा ठरवणारा आणि तिची व पांडवांची वस्त्रे काढून घे असे दुःशासनाला सांगणारा कर्ण आहे. त्याच्या चाहत्यांकडे याचे उत्तर तयार असते. स्वयंवरात 'मी सूताला वरणार नाही' असे म्हणून तिने त्याचा भर मंडपात अपमान केला होता, ती जखम सभेत उघडी पडली. ऐकायला हे पटते. आजच्या मानसशास्त्रीय भाषेत तर फारच पटते. पण स्वयंवरातला तो नकार चिकित्सक आवृत्तीच्या मूळ पाठात नाही. काही हस्तलिखितांतला तो मजकूर संपादकांनी बाहेर काढला. मूळ पाठात ब्राह्मणांच्या बोलण्यातून एवढेच कळते की, कर्ण-शल्यांसारख्यांनाही ते धनुष्य वाकवता आले नाही.

मग कर्ण तसे का बोलला? याचे उत्तर कर्णानेच दिले आहे, आणि ते कोणी उद्धृत करत नाही याचे मला वाईट वाटते. उद्योगपर्वात कृष्ण त्याला त्याचा जन्म सांगतो, तेव्हाच्या संभाषणात कर्ण कबूल करतो की, दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून मी पांडवांना कडू बोललो आणि त्या कर्माने आज मी पोळतो आहे. सूडाचा शब्द नाही, जखमेचा नाही. ज्याने अंगदेश दिला, उभे राहायला जागा दिली, त्याची मर्जी. आणि पश्चात्तापाच्या त्या वाक्यातही नाव पांडवांचे आहे, द्रौपदीचे नाही. दिलेल्या जागेवर उभा असलेला माणूस देणाऱ्यासाठी किती खाली उतरतो, आणि पस्तावतानाही त्याला कोण दिसत नाही, हे सगळे त्या वाक्यात आहे. इरावतीबाईंना कर्णाविषयी कणव आहे, पण त्या त्याला सूट देत नाहीत. तिथे त्यांची वाट व्यासांच्या वाटेशी मिळते. नकाराची गोष्ट घालून आपण कर्णाला एक समजण्याजोगे कारण दिले, आणि त्या बदल्यात त्याच्यातले भयंकर दुःख काढून घेतले.

कारणाची ही भूक हाच आजच्या वाचनाचा रोग आहे. पात्राने काही केले की त्यामागे पूर्वी घडलेली एखादी जखम हवी. जखम सापडली की कृती माफ, आणि सापडली नाही तर रचून घ्यायची. जातीच्या अन्यायाने माणूस मोडतो हे खरे आहे आणि महाभारताला ते ठाऊक आहे. शस्त्रस्पर्धेच्या रंगणात कर्णाला कूळ विचारले जाते तो प्रसंग व्यासांनी झाकलेला नाही. पण अन्याय सोसणारा माणूस दुसऱ्यावर अन्याय करतो तेव्हा पहिल्या अन्यायाने दुसरा पुसला जात नाही, हेही त्याच ग्रंथात आहे. दोन्ही शेजारी शेजारी ठेवण्याचे धैर्य व्यासांत होते.

आशयाची गतही तीच झाली. 'महाभारताचा विषय दैव विरुद्ध पुरुषार्थ' असे उत्तर लिहून गुण मिळतात. आनंदवर्धनाने आशय शेवटातून वाचला. इरावतीबाईंनीही पुस्तकाच्या अखेरच्या लेखात तेच केले, फक्त त्यांना शेवटी मोक्ष दिसला नाही. कोणालाही दिलासा न देणारे, कठोर वास्तवाकडे थेट पाहणारे एक युग इथे संपले आणि पुढचे वाङ्मय भक्तीच्या, स्वप्नरंजनाच्या आसऱ्याला गेले, असे त्यांना दिसले. भक्तिवाङ्मयाविषयीचे त्यांचे हे मत मला मान्य नाही. तुकारामांइतके कठोर वास्तव फार थोड्यांनी पाहिले आहे. पण आशय ग्रंथाच्या संपूर्ण घडणीतून काढावा लागतो, ही त्यांची शिस्त मला मान्य आहे, आणि तिच्यामुळेच त्यांच्याशी भांडता येते. पाटीशी भांडता येत नाही.

मराठीच्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. 'कर्णाचे स्वभावविशेष लिहा' हा प्रश्न आता बंद करा. त्याऐवजी एक प्रसंग द्या आणि तीन गोष्टी विचारा: हे कोण सांगतो आहे, त्या क्षणी त्याच्यासमोर कोणते मार्ग मोकळे होते, आणि त्याने निवडलेल्या मार्गाचा भार कोणावर पडला? मुलांना कल्पना लढवायची असेल तर जरूर लढवू द्या. फक्त ती जिथे सुरू होते तिथे त्यांच्याकडून एक रेघ ओढून घ्या.