बारा वर्षांची मुलगी आणि बारा वर्षांचे दुखणे

संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात दोन कथा एकमेकींत गुंफलेल्या आहेत. सभास्थानाचा अधिकारी याईर आपल्या मरणोन्मुख मुलीसाठी प्रभू येशूच्या पाया पडतो. प्रभू त्याच्याबरोबर निघतो आणि वाटेत, गर्दीतून मागून येऊन, रक्तस्रावाने पीडित असलेली एक स्त्री त्याच्या वस्त्रास स्पर्श करते. मुलगी बारा वर्षांची आहे. बाईचे दुखणेही बारा वर्षांचे आहे. ह्या बाराच्या आकड्याचा संबंध भाष्यकार इस्राएलच्या बारा वंशांशी जोडतात, आणि ते योग्यच आहे. आम्हांस मात्र हल्ली हा उतारा वाचताना दुसराच विचार सुचतो. मुलीचे दुखणे बाप भर रस्त्यात, सर्वांदेखत बोलू शकतो. त्या बाईस आपले दुखणे चोरून आणावे लागते, कारण ते शरीराच्या अशा भागाचे आहे, की ज्याचा उच्चारही अशुद्ध मानला जाई.

गर्भाशयमुखाचा कर्करोग हे असेच चोरून आणले जाणारे दुखणे होय. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतातील सुमारे सव्वा लाख स्त्रियांस तो जडला आणि जवळजवळ ऐंशी हजार स्त्रिया त्याने दगावल्या. त्याचे मूळ ह्यूमन पॅपिलोमा ह्या विषाणूत असल्याचे दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञास २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. बहुतेकींचे शरीर तो वर्ष-दोन वर्षांत हटवते. काहींत तो मुरतो आणि पंधरा-वीस वर्षांनी कर्करोगाच्या रूपाने प्रकट होतो. त्यावरील लस २००६ पासून जगात आहे, २००८ पासून भारतात आहे, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनविलेली लस २०२३ साली बाजारात आली. नऊ ते चौदा हे तिचे उत्तम वय. म्हणजे आपल्या धर्मग्रामांत ज्या वयात मुले दृढीकरण संस्काराच्या तयारीस बसतात, साधारण तेच.

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतची आपली कुटुंबे लसीस भिणारी नव्हेत. रविवारी मिस्सा आटोपून बाळाला पोलिओचे दोन थेंब पाजून घेताना कोणा मातेने त्या थेंबांच्या नीतिमत्तेविषयी प्रश्न विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. एवढेच काय, १८९६ च्या प्लेगात ज्या पूर्वजांनी वांद्र्याच्या नि गिरगावच्या वाड्यांत क्रूस उभारले, त्यांच्याच शहरात १० जानेवारी १८९७ रोजी डॉ. हाफकिन यांनी आपली प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. क्रूस आणि सुई यांचे भांडण तेव्हा नव्हते. मग ह्याच एका लसीपाशी आईबाप का अडखळतात?

खर्च हे एक कारण आहे, आणि ते खोटे नाही. सीरमची लस बाजारात आली तेव्हा एका मात्रेस सुमारे २००० रुपये पडत. दोन मुली असलेल्या, कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या घरास ते जडच. परंतु आमच्या पाहण्यात असे आले आहे, की शिकवणीच्या फीसाठी काटकसर करणारी घरेही येथे थांबतात. त्यांचे खरे उत्तर हळू आवाजात येते : “फादर, आमची मुलगी तसली नाही.”

हे वाक्य आम्ही हसण्यावारी नेत नाही. त्यामागे शुद्धतेविषयीची खरी आस्था आहे, आणि तिची टिंगल करणाऱ्या जगात ती आस्था मौल्यवान आहे. पण त्या वाक्यात एक गृहीत दडलेले आहे : रोग हा आचरणाचा निकाल आहे. जन्मांधाकडे बोट दाखवून, पाप कोणाचे, असे शिष्यांनी विचारले तेव्हा प्रभूने तो प्रश्नच नाकारला होता. विवाहापर्यंत निष्कलंक राहिलेल्या वधूस हा विषाणू पतीकडून येऊ शकतो. तो पती आपल्या पूर्वायुष्याचा खरा पश्चात्ताप करून, पापनिवेदन करून वेदीसमोर उभा राहिलेला असू शकतो. त्याच्या पापाची क्षमा झाली, विषाणूची नाही. आणि ज्या मुलीवर बळजबरी होते तिचे काय? संत मारिया गोरेत्ती १९०२ साली अकरा वर्षांची असताना मारली गेली. शुद्धता तिची होती. शस्त्र दुसऱ्याच्या हातात होते.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. लस दिली म्हणजे मुलीस मूक परवानगी दिल्यासारखे होत नाही का? नीतिशास्त्रात कृतीचे स्वरूप आणि हेतू पाहतात. ही लस गर्भनिरोधक नव्हे. ती कोणत्याही कृतीचा अर्थ बदलत नाही, ती एक रोग अडवते. बारा वर्षांच्या मुलीस तिचा सारा वैद्यकीय तपशील सांगण्याची गरजही नाही. धनुर्वाताची सुई घेतली म्हणून कोणी गंजक्या खिळ्यावर पाय देत नाही. अमेरिकेत लस घेतलेल्या व न घेतलेल्या मुलींची तुलना २०१२ साली प्रसिद्ध झाली. लसीमुळे वर्तन बदलल्याचे तीत आढळले नाही. कॅनडातील कॅल्गरीच्या कॅथलिक शाळांनी २००८ साली ही लस शाळेत देण्यास नकार दिला होता. २०१२ साली त्यांनी तो मागे घेतला. त्या चार वर्षांत कॅथलिक नीतीचे एकही तत्त्व बदलले नव्हते.

तिसरा अडथळा अविश्वासाचा, आणि त्यास आम्ही सर्वांत अधिक आदराने वागवू. अमेरिकेतील कृष्णवर्णीय कुटुंबे अशा लशींकडे साशंकतेने पाहतात, त्यास इतिहास आहे. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे अलाबामातील टस्कीगी येथे सरकारी आरोग्यसेवेने शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश उपचाराविना नुसता पाहत ठेवला. हेन्रिएटा लॅक्स ही कृष्णवर्णीय माता १९५१ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने वारली. तिच्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या, आणि पुढे त्याच पेशींत ह्या विषाणूचा एक प्रकार सापडला. आपल्याकडेही २००९ साली खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांत हजारो मुलींस ही लस देण्यात आली. सात मुलींच्या मृत्यूनंतर २०१० साली तो प्रकल्प थांबला. ते मृत्यू लसीमुळे झाले नव्हते असे चौकशीत ठरले. परंतु वसतिगृहातील आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी गृहपाल-मुख्याध्यापकांनी सह्या केल्याचेही उघड झाले, आणि २०१३ साली संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली होती म्हणून ती सही क्षम्य ठरत नाही. आईबाप हे मुलांचे पहिले शिक्षक आहेत असे ख्रिस्तसभा सांगते. त्यांना वगळून केलेले भलेही त्यांच्या हक्काची पायमल्लीच करते.

तथापि अविश्वासासही विवेकाची मर्यादा हवी. २०१० च्या त्याच आदेशाने बार्शी आणि पुणे यांसह देशातील अनेक केंद्रांवर चाललेला दुसरा एक अभ्यासही थांबला व पुष्कळ मुलींस एकच मात्रा मिळाली. त्या मुलींचा पाठपुरावा सुरू राहिला. एका मात्रेनेही दहा वर्षे टिकणारे संरक्षण मिळते, हे २०२१ साली प्रसिद्ध झाले. २०२२ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने एक मात्रा पुरेशी मानण्यास मुभा दिली, त्यामागे ह्या मुलीही आहेत. शंका विचारणे आईबापांचे कर्तव्यच आहे. मात्र उत्तर मिळाल्यावरही तीच शंका जपून ठेवणे, यास आम्ही सावधगिरी म्हणणार नाही.

मुलग्यांविषयी कोणी विचारत नाही, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते. विषाणू बहुधा त्यांच्याकडून येतो, लस त्यांनाही चालते, आणि चर्चा मात्र मुलीच्या चारित्र्याची होते.

आणि लस ज्यांच्या वेळी नव्हती, त्या मातांचे काय? १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यातील (आताचा धाराशिव) खेड्यांत तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच झाली, तरी तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने ह्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. त्या बायका शेतात राबणाऱ्या, बहुतेक अल्पशिक्षित होत्या. आपल्या धर्मग्रामांतील पदवीधर माता लोकल पकडून रोज मुंबईस जातात, मुलीच्या लसीविषयी बारकाईने चौकशी करतात. स्वतःची तपासणी केव्हा झाली असे विचारले, की मात्र विषय बदलतात. याईरच्या घरी जाण्याची घाई असताना प्रभू त्या बाईसाठी वाटेत थांबला होता, आणि तिने सारे खरे सांगेपर्यंत पुढे गेला नव्हता.